लुगड्यावर पाय

चिंध्यांचं पायपुसणं विणायला घेतलं की पहिला निर्णय रंगाचा नसतो. कापड कुठल्या दिशेने फाडायचं, याचा असतो. सुती नऊवारी लांबीत फाडली तर अंगाच्या पट्ट्या वेगळ्या निघतात, काठाच्या वेगळ्या, आणि विणीत सरळ पट्टे पाडता येतात. आडवी फाडली तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना काठ येतो. माझ्या छोट्या मागावर विणीची रुंदी 55 सेंटिमीटर. लुगड्याच्या पन्ह्याएवढी पट्टी त्यात साधारण दोन फेऱ्या पुरते, म्हणजे डावीकडून निघते आणि डावीकडेच संपते. त्यामुळे काठाचा लाल रंग एकाच कडेला गोळा होत जातो. हिशोब तंतोतंत जुळत नाही म्हणून दर पट्टीला ती लाल खूण जराशी सरकते आणि तिरकी रेघ होऊन आत शिरते. ही नक्षी कुणी काढत नाही, कापडाच्या मापातूनच ती येते. मला ती भयंकर आवडते.

प्रश्न एवढाच, की लुगडं आजीचं आहे.

इरकली, गडद निळं, लाल काठाचं. सूत आधी रंगवून मग विणलेलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखंच. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. त्याची पट्टी विणीत पिळली गेली की रंग मळकट दिसतो. घरातल्या सगळ्या जुन्या कपड्यांत हा एकच निळा असा होता, जो पूर्ण पायपुसणं तोलून धरेल. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "आईच्या लुगड्यावर पाय द्यायचा? गोधडी शिव की त्याची."

मला हे हसण्यावारी नेता येत नाही. पुस्तकाला पाय लागला तर माझा हात अजूनही आपोआप कपाळाकडे जातो. पण आजीच्या घरात कापडाचं आयुष्य कसं जायचं ते मी पाहिलंय. लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, गोधडी व्हायची, मग चुलीपाशी फडकं, आणि शेवटी पोतेरं. काही बोहारणीकडे जाऊन त्यांची पातेली यायची. तिच्या सासूचं लुगडंही असंच कधीतरी फरशीवरून फिरलं असणार. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण ते कुणी ठरवून केलं नव्हतं. वीस वर्षांत हळूहळू झालं. मी तेच एका दुपारी, कात्रीने काठाला छेद देऊन करणार, म्हणून तो अपमान. म्हणजे आक्षेप पाय देण्याला आहे, की तसं ठरवण्याला?

याचं उत्तर आत्यानेच नकळत दिलं. चार दिवसांनी म्हणाली, "मग असं कर, दुसऱ्या रंगाच्या चिंधीबरोबर पिळून टाक. ओळखू नाही आलं म्हणजे झालं."

विणकामाच्या दृष्टीने सूचना बरोबर आहे. दोन रंगांच्या पट्ट्या एकत्र पिळल्या की लांबून तिसराच करडा रंग दिसतो. पोतेऱ्याचंही हेच होतं, मळून ते कुणाचंच उरत नाही. पण मग आदर फक्त ओळखू येणाऱ्या गोष्टींचाच करायचा का?

पानिपतमध्ये परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचं पुन्हा सूत करतात. बटणं, चेन काढून कपडे रंगांनुसार वेगळे होतात: लालांचा ढीग, निळ्यांचा ढीग. तसं केलं की सूत नव्याने रंगवावं लागत नाही. तिथे रंग हा निव्वळ रंग असायला हवा. पण मेघना गुप्ता यांचा 'अनरॅव्हल' (2012) हा छोटा माहितीपट बघा. तिथल्या बायका काम करता करता हे कपडे घालणारी माणसं कशी असतील, याचे अंदाज बांधत असतात. कधीही न पाहिलेल्या बायकांविषयी! (दुकानातल्या 'चिंदी रग'मध्ये बऱ्याचदा गारमेंट कारखान्यांतली कातरण असते, कुणीच न घातलेली. ती विणताना असले प्रश्न पडत नाहीत. कुणीतरी ती कापली, हे आपण सोयीने विसरतो.)

मला वाटतं, लपवणं हे पाय देण्यापेक्षा वाईट. पाय देताना निदान कशावर देतोय ते दिसतं. आणि पाय ही आपल्याकडे नुसती खालची गोष्ट नाही, आजीच्या पायांना हात लावूनच तर आम्ही वाढलो. हे मी आत्याला म्हटलं. "शब्दात धरू नकोस," म्हणाली. तिचंही बरोबर आहे. वाकून पायांना हात लावणं आणि ओला पाय पुसणं एक नव्हे, आणि हा फरक कुठल्याही युक्तिवादाने बुजत नाही. विणताना तो जाणवत राहतो. बाहेरून आणलेल्या चिंध्या मी फणीने जोरात ठोकते, या निळ्याला हात हलका पडतो, आणि मग तेवढीच वीण सैल राहते. उसवून पुन्हा ठोकावी लागते.

आडवंच फाडलं, न पिळता. अडीच वीत झालंय. काल आत्याचा फोन आला. जेवलीस का वगैरे झाल्यावर विचारत होती, काठ कुठल्या बाजूला येतोय.