कंठस्थ पाठ आणि अर्थविचार

अर्थ उमगल्यावाचून धवळे मुखोद्गत करून काय लाभ, असा प्रश्न अलीकडे आपल्या नामधारक तरुणांकडून वारंवार ऐकू येतो. प्रश्न अनुचित नाही. पण त्याचे उत्तर पंथाच्या इतिहासात आधीच पडलेले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सराळे हे म्हाइंभटांचे गाव. शके 1200 (इ.स. 1278) च्या सुमारास त्यांनी, ज्यांनी ज्यांनी श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा पाहिल्या वा ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्या मिळविल्या व श्रीनागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ओवीला निदान यमकाचा पहारा असतो. शब्द चुकला की चरण लंगडतो व म्हणणारा सावध होतो. लीळाचरित्र तर गद्य! त्याला असा पहारेकरी नाही. म्हणून हिराइसांची धारणा मला अधिक थोर वाटते. आणि जेथे दोघांच्या स्मरणात भेद पडला, तेथे पूर्वजांनी एकाला खोटे न ठरविता दुसरा पाठही 'वासना' म्हणून नोंदविला.

आता अर्थाविषयी. ज्याला काहीच कळत नाही तो अवघड शब्द जसाच्या तसा पुढे देतो. ज्याला सर्व कळते तोही देतो. भय आहे ते अर्धवट जाणत्याचे. तो न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द बसवितो, आणि आपण पाठ सुधारला असे मानतो.

हे मी परदोष म्हणून लिहीत नाही. डोमेग्रामी (आजचे कमालपूर) एका वृद्ध तपस्विनीपाशी मी धवळे शिकलो. एके ठिकाणी मी एक शब्द पालटला. त्यांनी मला थांबविले. "मग याचा अर्थ सांगा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाबा, अर्थ मला नाही येत. पण शब्द हा नव्हे." मी मनात हसलो आणि माझाच शब्द म्हणत राहिलो.

पुष्कळ वर्षांनी एका जुन्या हस्तलिखितात त्यांचाच शब्द आढळला. अर्थही लागला, आणि माझ्या शब्दाहून तो खोल होता. तोवर त्यांचा देह राहिला नव्हता. क्षमा कोणापाशी मागावी? दरम्यान माझा पाठ मी सात जणांना शिकविला होता. पाच जणांना पत्रे धाडून तो शब्द दुरुस्त करविला. उरलेले दोघे कोठे आहेत याचा शोध अद्याप लागलेला नाही.