दाम्पत्यसुख : पत्नीचाही हक्क



मिम्बरवरून ज्या विषयाचा सहसा उच्चार होत नाही आणि घरातही ज्याची केवळ कुजबुज होते, त्या विषयावर या महिन्यात लिहीत आहे. निकाहानंतर काही वर्षांनी, कधी पहिल्या बाळंतपणानंतर, तर कधी पाळी जाण्याच्या वयात अनेक स्त्रियांची कामेच्छा मंदावते. काही जणींच्या मनात ओढ असते, पण शरीर साथ देत नाही. काहींना सहवास वेदनादायक होतो. पती याला अवज्ञा समजतो, घरातील वडीलधारे 'बाहेरची बाधा' समजतात आणि ती स्वतः आपल्या ईमानातच काही उणे आहे असे मानून गप्प राहते. गैरसमजाच्या या तिढ्यातून कित्येक संसार तलाकच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचतात. म्हणून शरीअत याविषयी काय सांगते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लज्जा आणि ज्ञान

लज्जा हा ईमानाचा भाग आहे. मात्र तिने ज्ञानाचा मार्ग अडवू नये. हजरत उम्मे सुलैम (रजि.) प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आल्या आणि अल्लाह सत्याच्या बाबतीत संकोच करीत नाही, अशी प्रस्तावना करून त्यांनी स्त्रीच्या स्वप्नावस्थेतील स्खलनाविषयी उघडपणे विचारले. प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारले नाही, सरळ उत्तर दिले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. धर्म समजून घेताना अन्सारी स्त्रियांना लज्जा आडवी आली नाही, याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. स्त्रीच्या ठायी कामभावना असते, हे इस्लामने पहिल्या दिवसापासून मान्य केले आहे.

हक्क दोघांचा आहे

सूरह रूमच्या 21 व्या आयतीत अल्लाहने विवाहाचे प्रयोजन म्हणून मनःशांती सांगितली आणि पती-पत्नीत प्रेम व करुणा ठेवल्याचे नमूद केले. सूरह बकरहच्या 187 व्या आयतीत दोघांना परस्परांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्र ऊब देते, उणिवा झाकते आणि अंगाला बोचत नाही. जो सहवास एकाला सुख आणि दुसऱ्याला केवळ सोसणे देतो, त्यात वस्त्राचा हा गुण कोठे उरला?

आपल्या पूर्वसूरींनी हे नेमके जाणले होते. इमाम गझाली (मृत्यू हि. 505) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मधील निकाहाच्या प्रकरणात पतीला बजावले आहे की, आपली तृप्ती होताच त्याने दूर होऊ नये, पत्नीची तृप्ती उशिरा होऊ शकते आणि तिला अर्ध्यावर सोडणे तिच्यासाठी पीडादायक ठरते. हम्बली फकीह इब्ने कुदामा (मृत्यू हि. 620) यांनी 'अल्-मुग्नी'त सहवासापूर्वी प्रेमालाप व क्रीडा करणे पसंतीचे ठरविले, जेणेकरून पत्नीची इच्छा जागृत व्हावी आणि तिलाही पतीसारखाच आनंद लाभावा. आज डॉक्टरही हेच सांगतात की, अनेक स्त्रियांमध्ये इच्छा आधी येत नाही. जवळीक, निश्चिंतता आणि स्पर्श यांतून ती हळूहळू उमलते. घाई करणारा पती पत्नीला 'थंड' म्हणतो, तेव्हा त्याने आधी स्वतःच्या घाईचा हिशेब करावा.

येथे काही बंधू एक हदीस पुढे करतात : पतीने बोलावले असता पत्नीने नकार दिला आणि तो रागात झोपी गेला, तर फरिश्ते तिचा धिक्कार करतात. हदीस सहीह आहे. परंतु ती पतीच्या हातातील काठी नव्हे. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये या विषयाचे शीर्षक देतानाच 'शरई सबब नसताना' ही अट घातली आहे. आजार, वेदना, बाळंतपणाची अशक्तता या खऱ्या सबबी आहेत. कोणाला इजा करू नये व इजेला इजेने उत्तर देऊ नये, हा तर शरीअतचा मूलभूत नियमच आहे.

रात्र दिवसापासून वेगळी काढता येत नाही. दिवसा पत्नीला गुलामासारखे मारावे आणि दिवस मावळताना तिच्याजवळ जावे, या वागणुकीचा प्रेषितांनी (स.) निषेध केला, हे बुखारीत आहे. हात उगारणे तर दूरच; दिवसभराचे टोमणे, माहेरचा उद्धार, पैशाचा छळ, एकाच खोलीत वावरणारे सारे कुटुंब, मुलांचे आणि वृद्धांचे एकटीने करावे लागणारे काम, या सर्वांनी स्त्रीचे मन मिटते. मिटलेल्या मनाचे शरीर हुकमाने उमलत नाही. पतीने घरकामाचा भार वाटून घेणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे आणि पुष्कळ घरांत तोच पहिला उपचार ठरेल.

शरीराची कारणे व उपचार

काही कारणे निव्वळ शारीरिक असतात. बाळाला अंगावर पाजत असताना संप्रेरकांत बदल होऊन योनिमार्ग कोरडा पडतो. पाळी गेल्यानंतरही तसेच घडते. रक्ताची कमतरता, थायरॉइडचे विकार, मधुमेह, नैराश्य यांमुळे इच्छा किंवा उत्तेजना घटते. नैराश्यावरील काही गोळ्यांचाही असा परिणाम होतो. मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्याव्यात. सहवासाच्या वेळी स्नायू आपोआप आखडून वेदना होणे हाही उपचार होणारा त्रास आहे. तो नखरा नव्हे.

प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याची आज्ञा दिली आहे. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. महिला डॉक्टर मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास गरजेपुरती पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास फुकहांनी परवानगी दिली आहे. कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात साधे जेल मिळते. गरजेनुसार डॉक्टर संप्रेरकांचे मलम, स्नायूंचे व्यायाम किंवा समुपदेशन सुचवितात. दुआ व कुरआनपठण अवश्य करावे. परंतु ताईत विकणाऱ्या बाबाच्या आणि जाहिरातीतील 'जोश' वाढविणाऱ्या पुड्यांच्या मागे लागून पैसा व आरोग्य गमावू नये.

भगिनींनो, आपली वेदना पतीला सांगणे हे निर्लज्जपण नाही. काय आवडते, कशाने दुखते, हे त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? बंधूंनो, ती सांगेल तेव्हा ऐका आणि ऐकलेले मित्रांच्या बैठकीत नेऊ नका. शयनगृहातील गुपित ही अमानत आहे. काही काळ संयम पाळावा लागला, तर दुसऱ्या निकाहाची धमकी देण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जा. पत्नीशी हलाल सहवासालाही प्रेषितांनी (स.) सदका म्हटले आहे. सदका देताना घेणाऱ्याचा मान राखावा लागतो आणि त्याला दुखवून दिलेला सदका वाया जातो, हे आपण जाणतोच.

हे अल्लाह! आमच्या घरांत प्रेम व करुणा नांदू दे, आजारी भगिनींना शिफा दे आणि पतींना आपल्या पत्नींचे मन ओळखण्याची समज दे. आमीन.