फुरसत आणि परवानगी

पावसाळा सरला की कोकणकिनाऱ्याकडे कॅमेरे निघतात. आश्विनातली हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. सड्यावरचे गवत सोनेरी झालेले असते, भातकापणी सुरू असते आणि जून-जुलैची मासेमारीबंदी संपवून दर्यावर गेलेल्या होड्या बंदरात येत-जात असतात. अलिबागहून निघावे, मुरूडला जंजिरा पाहावा, खाड्या फेरीबोटीने ओलांडीत श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून हर्णै-दाभोळपर्यंत यावे. घाई नसावी. उजेड मनासारखा होईपर्यंत एखाद्या वळणावर तासभर बसून राहावे. अशा सहलीइतका निरुपद्रवी छंद दुसरा नसेल, असे कुणालाही वाटेल. मग त्यात नैतिक प्रश्न कुठून आला?

तो येतो तो माणसांमुळे. समुद्राला किंवा मावळत्या सूर्याला परवानगी विचारावी लागत नाही. पण या किनाऱ्यावर निखळ निसर्ग फार थोडा आहे. हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव चालतो, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो, आणि चित्र पुरे होते ते टोपल्यांपुढे बसलेल्या बायकांमुळे. कोळी, खारवी, भंडारी, गाबीत, दालदी अशा अनेक समाजांच्या कष्टांवर हा किनारा उभा आहे. 'निसर्गरम्य' हा शब्द बहुधा त्याच्याच तोंडी येतो, ज्याला तिथे काम करायचे नसते. संध्याकाळचा जो उजेड आपल्याला सोन्यासारखा वाटतो, तो मासळी विकणारीच्या लेखी हातातून निसटणारा वेळ असतो. उजेड गेला की भाव उतरतो.

मराठीत छायाचित्र 'टिपतात'. पाखरू दाणा टिपते आणि नेमबाज पाखरू टिपतो. दोन्हीकडे एक घेणारा असतो आणि दुसऱ्याला कुणी विचारलेले नसते. कायद्याच्या दृष्टीनेही, १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, छायाचित्राचा पहिला धनी सर्वसाधारणपणे ते काढणाराच असतो. ज्याचा चेहरा आहे, त्याची त्या चित्रावर मालकी नसते. कायदा जिथे थांबतो, तिथून पुढची जबाबदारी विवेकाची.

केवळ चेहऱ्यांचीच ही गोष्ट नाही. खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी वस्त्यांतले कर्ते पुरुष आधी जहाजांवर, आफ्रिकेत आणि १९७०च्या दशकापासून मोठ्या संख्येने आखाती देशांत गेले. मागे उरलेली कुलूपबंद घरे, ओटीवरचा रिकामा झोपाळा, रंग उडालेले नक्षीदार दार यांना कॅमेरा 'जुन्या काळाचे सौंदर्य' म्हणतो. घरच्यांसाठी ती ताटातुटीची खूण असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे रोप फळावर यायला बरीच वर्षे लागतात. निळ्या आभाळासमोरचे मोडके झाड चित्र म्हणून सुंदर दिसू शकते. ते पाहताना बागवाल्याची गेलेली वर्षे मनात येत नसतील, तर चित्र खरे असूनही आपले पाहणे खोटे ठरते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. परवानगीची वाट पाहिली असती, तर जगाची झोप उडवणारी कितीतरी छायाचित्रे निघालीच नसती. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये महिनाभराचे काम संपवून ती कॅलिफोर्नियातून घरी परतत होती. निपोमो गावाजवळच्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी मागे टाकून ती वीसेक मैल पुढे गेली, मग माघारी फिरली. मुलांना बिलगवून बसलेल्या एका मजूर आईचे काही फोटो तिने घेतले आणि ती निघाली. ते चित्र त्या महामंदीची ओळख बनले. छावणीत अन्न पोहोचले, पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. त्या बाईचे नाव आपण विचारले नाही, हे लँगने १९६० मध्ये स्वतःच लिहिले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. तेव्हा तिची तक्रार हीच होती की, आपले नावही विचारले गेले नाही, आपल्याला एक पैसा मिळाला नाही आणि हा फोटो निघालाच नसता तर बरे झाले असते.

लँगच्या बाजूने बोलता येते. ती थकलेली होती, घाईत होती, सरकारी कामावर होती आणि तिच्या चित्राने भुकेल्यांची दखल घ्यायला लावली. घाई आणि निकड ही तिची कैफियत आहे. फिरायला आलेल्याजवळ यांतले काहीही नसते. त्याच्या चित्राने कुणाच्या घरी अन्न जाणार नसते आणि ढगाआडून ऊन येईपर्यंत तासभर थांबायला तो तयार असतो. जो उजेडासाठी तासभर थांबतो, त्याला एका माणसाच्या होकारासाठी दोन मिनिटे थांबता येत नाही, हे कसे मान्य करावे? फुरसत ही नुसती चैन नव्हे. ती हाती असली की न विचारण्याची सबब उरत नाही.

दुसरा आक्षेप कलेचा. विचारले की माणसे ताठरतात, पदर सावरतात, हसू आणतात आणि सहजता जाते. हे खरे आहे. पण यावरचा उपायही फुरसतच आहे. 'मावशी, फोटो काढू का?' एवढे म्हणून कॅमेरा लगेच डोळ्याला लावला, तर ताठरपणाच मिळणार. जवळ बसावे, मासळीचा भाव विचारावा, जमल्यास घ्यावी. थोड्या वेळाने ती पुन्हा आपल्या कामाला लागते आणि मग जी सहजता येते, ती चोरलेली नसते. आणि ती 'नको' म्हणाली, तर कॅमेरा खाली घ्यावा. जिथे नकार देता येत नाही, तिथल्या होकाराला अर्थ नसतो. तसेच 'पाठवतो हं फोटो' असे म्हटले, तर तो पाठवावा. न पाळलेला हा शब्द किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी ऐकलेला असतो.

यामुळे काही चित्रे हातची जातील. चांगली चित्रेही जातील. परंतु जे डोळ्यांनी पाहिले, ते सारे आपल्या मालकीचे झालेच पाहिजे, असा नियम कुठे आहे? परवानगी मिळाली नाही म्हणून जे दृश्य कॅमेऱ्यात आले नाही, तेही आपण पाहिलेले असतेच. ते तसेच जाऊ देणे हाही त्या किनाऱ्याचा आणि तिथल्या माणसांचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.