पट्टा ओढून पाहिलास का?

उभे राहा सगळे. लाइफ जॅकेट अंगावर आहे तसंच राहू द्या, आता घाईघाईने कुणी पट्टे आवळायचे नाहीत. असेच निघाला होतात ना गंगेत, आपल्या गोदावरीत, उतरायला?

तू पुढे ये. खांद्याचे पट्टे धरून मी वर ओढले, तर जॅकेट थेट तुझ्या कानाला लागलं. पाण्यात हेच होतं. जॅकेट वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. माप विचारलं तर म्हणतोस, “सर, सगळ्यांना एकच येतं.” कुणी सांगितलं हे तुला? आतल्या पट्टीवर वजन आणि छातीचं माप छापलेलं असतं. ते वाचायला किती वेळ लागतो? ज्याची पट्टी फाटली, अक्षरं पुसली, ते जॅकेट बाजूला काढायचं. आणि लेकराला मोठ्या माणसाचं जॅकेट घालून नावेत बसवाल, तर ते लेकरू तुमच्या डोळ्यांदेखत त्यातून निसटेल.

थंड समुद्रात उतरणारे पाणबुडे अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट घेतात, तेव्हा नुसते आरशासमोर उभे राहत नाहीत. उकिडवे बसतात, हात मागे नेऊन पाठीवरच्या टाकीची तोटी हाताला लागते का ते बघतात, मानेचं आणि मनगटाचं रबर चिरलंय का ते बोटांनी चाचपतात. आपल्याकडे ड्रायसूट नाही, पण ती सवय लावून घ्यायला पैसे पडत नाहीत. जॅकेट घालून वल्हं मारून पाहिलंत? वाकून दोर ओढलात? पायांमधला पट्टा तर निम्म्यांनी लावलेलाच नाही!

आता दर्जाचं ऐका. भडक नारिंगी रंग म्हणजे दर्जा नव्हे. फोम अंगठ्याने दाबा. तो लगेच फुगून वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला किंवा आत भुगा करकरला, तर ते जॅकेट बाद. शिवण ताणून बघा, बकल लावून जोरात हिसका द्या. पट्टीवर 100 न्यूटन लिहिलेलं असेल, तर ते साधारण 10 किलोचा भार वर उचलतं. पण हा आकडा नव्या, धड जॅकेटचा असतो. तुम्ही त्याची उशी केलीत, त्यावर बूड टेकवलंत, परभणीच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलंत. फोम चेपला, कापड विरलं, आणि आकडा मात्र छापलेला तसाच राहिला. त्या आकड्यावर लोकांचे जीव सोपवणार होतात?

जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले, माजलगावचंही पाणी सुटलं, की गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या काठाला दम खायला उसंत मिळत नाही. तेव्हा मापं घेत बसणार का? 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरात माणसं बाहेर काढणारी नाव उलटली आणि 17 जण गेले. नावेत पेलवेल त्याहून जास्त माणसं होती. वाचवायला गेलेली नावच बुडाली, हे डोक्यात कोरून ठेवा. पुराच्या वेळी प्रत्येक जण घाईत असतो. म्हणून तपासणी कोरड्या जमिनीवर आणि आधीच करायची असते.

मला राग तुमच्या अज्ञानाचा नाही. न कळणारं शिकवायला मी इथे उभा आहे. राग आहे तो “चालतंय की” या शब्दांचा. तुमच्या हाताला धरून एखादी म्हातारी नावेत पाय ठेवेल, ती तुमच्यावर विश्वास टाकून. तिला जॅकेट घालताना पट्टा कुठे आवळायचा हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर तुमच्या धाडसाचं मी काय करू?

चला, जोड्या करा. एकाने दुसऱ्याचे खांदे ओढायचे, मग उथळ पाण्यात उतरून पाठीवर तरंगायचं. तोंड पाण्याबाहेर राहिलं, तरच माझ्याकडे या. बाद जॅकेटांवर आत्ताच काट मारा आणि ती फाडून टाका, म्हणजे उद्या कुणी पुन्हा उचलणार नाही. हे पुरं होईपर्यंत एकही नाव पाण्यात जाणार नाही.