गाडी कोणाची, रस्ता कोणाचा?



दारात गाडी असणे ही आता आपल्या वसईच्या गावांत कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. सकाळची लोकल गाठायची, मुलांना शाळेत सोडायचे, आजारी आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे आणि बसचा भरवसा नाही, तर माणसाने करावे काय? त्याला चैनीचा दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

बस वेळेवर येत नाही म्हणून एकाने मोटारसायकल घेतली, दुसऱ्याने मोटार. बसचे उतारू घटले, म्हणून फेऱ्या कमी झाल्या. उरलेली बस गाड्यांच्या गर्दीत अडकून आणखी उशिरा येऊ लागली. मग तिसऱ्यानेही कर्ज काढले. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, पण सर्वांचा मिळून घोटाळा. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सोलिसितुदो रेई सोशियालिस’ या विश्वपत्रात पापाच्या रचनांविषयी लिहिले आहे. माणसांच्याच कृतींतून त्या उभ्या राहतात, घट्ट होतात आणि मग मोडता मोडत नाहीत. रस्त्यावरच्या या फेऱ्याला पाप म्हणावे की नाही, ते जाणकारांनी ठरवावे. घडण मात्र तीच दिसते.

हा फेरा भोवतो कोणाला? २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरपैकी पाच कुटुंबांकडेही मोटार नव्हती. दुचाकी एकवीस कुटुंबांकडे होती. त्यानंतर गाड्या पुष्कळ वाढल्या हे खरे. पण घरात गाडी असली तरी ती सकाळी मुलगा घेऊन जातो; आजी घरीच राहते. मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई, कॉलेजची मुलगी, घरकामाला जाणारी मावशी यांनी रोज रिक्षाला किती मोजायचे? २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. सवलती चांगल्याच आहेत. मात्र ज्या फाट्यावर गाडीच येत नाही, तिथे अर्ध्या तिकिटाचे काय करायचे?

परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ मध्ये नेमका हाच विषय घेतला. एक-दोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारी, त्यांच्यासाठी लागणारे आणखी रस्ते, आणखी पार्किंग. आणि गर्दी, गैरसोय व मोजक्या फेऱ्या यांमुळे प्रवाशाच्या माणूसपणाचाच होणारा अवमान. आपल्या सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातही वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला महत्त्व द्यावे असेच म्हटले आहे. कागदावर कोणाचेच दुमत नाही! दोन-तीन मोटारींच्या जागेत एक बस चाळीस-पन्नास माणसे नेते, हे समजायला धोरणही लागत नाही. तरी आपली मागणी रस्ता रुंद करण्याची. तो रुंद होणार कोणाच्या वाडीतून, कोणाचे बावखल बुजवून?

मिस्साला येताना वाटेतल्या म्हाताऱ्या शेजारणीला गाडीत घेणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांचे भले होवो. पण ती दया झाली. तिला बाजाराला, बँकेत, बहिणीकडे कोणाच्या उपकाराविना जाता यावे, हा न्यायाचा भाग आहे आणि तो बसनेच पुरा होतो. अडचण अशी की, ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन आहे, त्यांची बसची गरज गाडी आली त्याच दिवशी संपली. फेऱ्या वाढवण्याचा अर्ज गावात फिरतो तेव्हा त्यावरच्या सह्या वाचून पाहाव्यात. विद्यार्थी, विधवा, निवृत्त माणसे. गाडीवाल्यांची सही क्वचितच सापडते, आणि नको म्हणून ती राहिलेली नसते. अर्ज त्यांच्याकडे कोणी नेलेलाच नसतो.