जोड

कुस्तीच्या फडात प्रतिस्पर्ध्याला ‘जोड’ म्हणतात. तोलामोलाची जोड, जोड लागली, जोड सुटली. बीदरच्या मैलूरला घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलत मी वाढलो, पण या शब्दातली खोली फार उशिरा उमगली. ज्याला पाडायचं, त्यालाच आपली भाषा जोड म्हणते.

तालमीत हे रोज दिसतं. जोर करताना जो पोरगा तुम्हाला आपटतो, तोच उठल्यावर पाठीवरची माती झाडतो आणि सांगतो, “पट काढताना मान खाली जाते तुझी.” हे सांगितल्यानं उद्या त्याचंच काम अवघड होणार असतं. तरी सांगतो, कारण कच्च्या गड्याशी लढून त्याचीही ताकद वाढायची नाही. वस्ताद एक डाव स्वतःकडे राखून ठेवतो, असं आपल्याकडे कौतुकानं सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. राखलेला डाव वस्तादाबरोबर मातीत जातो.

1898 मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 40 मुलांना मासेमारीच्या गळाची चरखी फिरवायला लावली, कधी एकट्यानं, कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी. शेजारी जोड आल्यावर निम्म्या मुलांचा वेग वाढला. स्पर्धेचे गोडवे गाताना एवढंच सांगितलं जातं. पण दहा मुलांना फारसा फरक पडला नाही आणि उरलेल्या दहांचा हात चुरशीनं उलट बिघडला. माझं लक्ष त्या शेवटच्या दहांवर खिळतं. आमचे एक क्रीडाशिक्षक पहिल्या येणाऱ्यासाठीच टाळी वाजवत. सातवीत मी धावणं सोडलं, माझ्याबरोबर आणखी चौघांनी. त्यातला एक माझ्यापेक्षा कितीतरी चपळ होता, त्याची हळहळ आजही वाटते.

टाळीच्या या ताकदीला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात: ज्या वागण्यापाठोपाठ काही सुखाचं मिळतं, ते वागणं पुन्हा पुन्हा घडतं. म्हणून टाळी कशापाठोपाठ आली, यावर सगळं ठरतं. गावच्या जत्रेला हे शहाणपण आहे. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर लागतात, मग इनामाचे आकडे चढत जातात. बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत वाटतात. आणि हरलेल्या पोरानं झुंज चांगली दिली असेल, तर गर्दीतला एखादा म्हातारा उठून त्याच्या हातावर नोट ठेवतो. ती नोट झुंजीची असते, निकालाची नव्हे. शिवाय ती आधी कबूल केलेली नसते. 1973 मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्रं काढली तर बक्षीस देऊ असं आधीच सांगितलेल्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रं काढायला कमी वेळ दिला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली.

आणि डाव राखून न ठेवता पुढे दिला की काय होतं, याचं आमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. निलंगा तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्या तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. काका पवार त्यांचे शिष्य, राहुल आवारेही. 2011 मध्ये बिराजदार गेले, तेव्हा राहुल अजून घडत होता. त्याला पुढे तयार केलं काका पवारांनी. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राहुलनं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. एका सुवर्णापासून दुसऱ्यापर्यंत 48 वर्षं, आणि मधला दुवा एक गुरुबंधू.

परवा संध्याकाळी मैलूरच्या मैदानावर पोरांची कबड्डी चालली होती. एक बारकासा गडी चढाईत तिघांच्या विळख्यातून रेषेपर्यंत सरपटत आला, हातभर अंतर राहिलं आणि दम तुटला. बाद होऊन तो कडेला, माझ्या पायाशी येऊन बसला. मी म्हणालो, “शाब्बास.” आमच्या तिन्ही भाषांत हा शब्द एकच आहे. त्यानं वर पाहिलं, काही बोलला नाही, गुडघ्याची माती पुसत राहिला. तेवढ्यात त्याच्या जोडीदारानं पलीकडचा गडी मारला. हा जिवंत झाला आणि पळत आत गेला.