वेदी कोठे आहे?



१९९८ साली हैदराबादेत सायबर टॉवर्स उभे राहिले आणि माधापूर, गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर श्रीमंत वस्ती वाढली. आपलीही कुटुंबे तिकडे गेली. जाणे हे पाप नव्हे. पण उत्पत्तीचा १३ वा अध्याय पाहा. लोटाने पाण्याचा मुलूख निवडला आणि त्याचा तंबू सदोमाकडे सरकत गेला. अब्रामाने हेब्रोनात वेदी बांधली. लोटाने बांधल्याचा उल्लेख नाही.

फ्लॅट घेताना आपण पाणी, शाळा, लिफ्ट विचारतो. उपासनेला कोठे जाणार, हे विचारतो काय? जुन्या मंडळीतील म्हातारी माणसे रविवारी आपल्या रिकाम्या बाकाकडे पाहतात. नव्या घरी पहिल्याच रात्री सहकुटुंब गुडघे टेकू या आणि रविवारी त्या बाकावर जाऊन बसू या. प्रभू आपणांस साह्य करो.